यंदा वर जायचं राहू दे

चष्म्याच्या दुकानात ताई कामाला लागली तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं. आता तिच्या हातून पहिला चष्मा घालून गेलेली मुलं आपापली मुलं घेऊन दुकानात यायला लागली होती. दुकान आगगाडीच्या डब्यासारखं लांबट आणि अरुंद. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा, मध्ये काउंटर आणि मागे जाड पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. दुकानाला मालक होता, पण त्या खोलीची मालकीण ताईच. आत आलेल्या माणसाला ती खुर्चीत बसवायची, नाकावर भिंगांची जड गोल चौकट चढवायची आणि म्हणायची, "घाबरू नका, इथे कोणी नापास होत नाही. दिसेल तेवढं वाचा."

सगळं शहर तिला ताई म्हणायचं, पण ती खरोखरची ताई एकीचीच. आई लवकर गेली. धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिच्यासाठी मुलगा बघण्यापर्यंत सगळं ताईनेच निस्तरलं. धाकटी लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तरी दर रविवारी सकाळी ताईकडे चहाला यायची ती यायचीच.

शहर सपाटीवरचं आणि उकाड्याचं. आकाश स्वच्छ असलं की दुकानाच्या गच्चीवरून लांब निळ्या डोंगरांची रांग दिसायची. सकाळच्या बसने निघालं की जेवायच्या वेळेला माणूस वर पोचायचा. ताईच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिच्याच डोक्यात आलं की वर्षातून एकदा तरी बायकाबायकांनी तिथे जायचं. मग एकदाचं दोनदा झालं, आणि पुढे पुढे ऋतू बदलला की पिशव्या भरायच्या असा शिरस्ताच पडला.

चौघी जायच्या. ताई, धाकटी, सरकारी दवाखान्यातली एक नर्स आणि वाचनालयात काम करणारी एक मैत्रीण. नर्सला सगळे 'सिस्टर' म्हणायचे. त्यावरून घरात कायम विनोद व्हायचा, की सख्खी बहीण ती धाकटी आणि सिस्टर म्हणून हाक मात्र भलतीलाच. वाचनालयवालीला दिवसभर लोकांना 'हळू बोला' म्हणावं लागायचं. त्याची भरपाई ती बसमध्ये बसल्याबरोबर सुरू करायची. घाट संपेपर्यंत तिच्या तोंडाला कुलूप नसे.

वर एका काकूंचा जुना बंगला होता. त्यातल्या खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या. कोपऱ्यातली चार खाटांची खोली या चौघींची. उन्हाळ्यात गावात पाय ठेवायला जागा नसायची. तळ्याकाठी बोटींसाठी रांगा, रस्त्यात घोडे, घोड्यांवर रडणारी पोरं. चौघी व्हरांड्यात पाय पसरून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टोप्यांना नावं ठेवायच्या. पावसाळ्यात धुकं न विचारता खोलीत शिरायचं आणि खुर्चीवर बसून राहायचं. चादरी वाळायच्या नाहीत, मोजे इस्त्रीने वाळवावे लागायचे, आणि वाचनालयवाली दिवसाढवळ्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायची. पाऊस सरला की पठारावर बोटाच्या पेराएवढी निळी-पिवळी फुलं यायची. ती बघायला चौघी ओणव्या होऊन चालायच्या, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं की यांचं काहीतरी हरवलंय. हिवाळा मात्र सगळ्यात लाडका. सकाळी गवतावर दंव गोठलेलं असायचं. ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवत दुपार करायची, एवढंच काम.

ताईचा नवरा पाणीपुरवठ्याच्या खात्यात होता. तो कधी वर आला नाही. बसस्टँडपर्यंत पिशव्या आणायचा, खिडकीतून आत देत म्हणायचा, "सावकाश या. घाई नाही. मी आणि शांतता, आमचं छान चाललेलं असतं." धाकटी हसून म्हणायची, "भावजी, आम्ही गेल्यावर जेवता तरी का?" तो म्हणायचा, "तुम्ही असताना कुठे धड जेवायला मिळतं?" बस हलेपर्यंत तो खाली उभा असायचा.

एका हिवाळ्यात चौघी वरून परतल्या आणि महिन्याच्या आत तो गेला. कामावरच छातीत कळ आली, खुर्चीत बसला तो बसलाच.

त्या दिवसांत तिघींनी ताईला तळहाताच्या फोडासारखं जपलं, हे सांगायलाच हवं. सिस्टर ड्युटीवरून सरळ तिच्याकडे यायची. वाचनालयवाली गप्प बसून राहायची, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. धाकटी तर महिनाभर ताईच्या शेजारी झोपली. उन्हाळा आला तेव्हा धाकटीच म्हणाली, "ताई, वर जाऊ या. तुला बरं वाटेल."

ताई गेली. पण बस सुटताना खिडकीखाली कोणी उभं नव्हतं, आणि तिथूनच सगळं बिघडलं. घाटातल्या प्रत्येक वळणावर तिला काहीतरी आठवत होतं. "हे असते तर ड्रायव्हरला शिव्या घातल्या असत्या." "ह्यांना एकदा तरी आणायला हवं होतं गं." व्हरांड्यात बसल्यावर वाचनालयवालीने एका भल्यामोठ्या टोपीवर काहीतरी शेरा मारला, सगळ्या हसल्या, आणि ताईचे डोळे भरून आले. हसू जागच्या जागी विरलं. तिन्ही दिवस असंच. परतताना ताई सिस्टरचा हात धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मी तगले." सिस्टरने हात दाबला.

पावसाळा लागला. ताईने विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "घाटात दरड कोसळलीय म्हणे. यंदा वर जायचं राहू दे." ताईला खरं वाटलं. दरडी कोसळतातच.

पाऊस सरला. या वेळी सिस्टरला रजा नव्हती. त्याच आठवड्यात ताईला नवऱ्याच्या कार्यालयात कसल्याशा सह्या करायला जायचं होतं. एकटीने त्या इमारतीत शिरायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून तिने धाकटीला सोबत येशील का विचारलं. आदल्या दिवशी धाकटीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "ताई, अंगात ताप आहे गं. उठवत नाही."

ताई एकटीच गेली. नवऱ्याची रिकामी खुर्ची बघून आली. घरी येऊन तिने तोंड धुतलं आणि आधी काय केलं असेल, तर धाकटीसाठी सूप चढवलं. डबा घेऊन चार गल्ल्या चालत गेली. दार धाकटीच्या नवऱ्याने उघडलं. तो दारातच उभा राहिला. "ती जरा झोपलीय, ताई. आत्ताच डोळा लागलाय."

"झोपू दे, झोपू दे. उठली की गरम करून दे. मीठ कमी घातलंय, ताप आहे म्हणून."

त्याने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि मान खाली घातली. पुढच्या रविवारी धाकटी धुतलेला डबा घेऊन आली. म्हणाली, "सूप फार छान होतं, ताई. अंगात जीव आला."

हिवाळा तोंडावर आला होता. एका दुपारी पडदा सरकवून ताई पुढे आली तर काउंटरपाशी बंगल्याच्या काकू उभ्या. शहरात मुलाकडे आल्या होत्या. ताईने त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं की नंबर बदलला तर माझ्याच दुकानात या. त्या ताईकडे बघतच राहिल्या.

"अगोबाई! तुम्ही उभ्या? एवढ्यात कामावरही यायला लागलात?"

"एवढ्यात म्हणजे?"

"अहो, गुडघ्याचं ऑपरेशन ना तुमचं? त्या म्हणाल्या, दोन-तीन महिने तरी हलता येणार नाही."

ताईला वाटलं, काकूंचा काहीतरी घोळ होतोय, वय झालं. तिने हसून त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं, चौकट नाकावर चढवली आणि दिवा मालवला. समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला.

"वाचा, काकू. दिसेल तेवढं. आणि कोण म्हणालं ऑपरेशन झालं म्हणून?"

"तुमची बहीणच म्हणाली की. पावसात आल्या होत्या ना तिघी, तेव्हा मी विचारलं, चौथ्या बाई कुठेत? तर म्हणाल्या, गुडघा. ही ओळ धूसर दिसतेय हो."

ताईने एक भिंग काढून दुसरं घातलं. "आता?"

"आता बरी. मग परवा फुलांच्या वेळेला आल्या, तेव्हा म्हणाल्या की ऑपरेशन ठरलंय. मी म्हटलं, माझा नमस्कार सांगा. सांगितला ना?"

"सांगितला," ताई म्हणाली.

ती खोली अंधारी होती आणि काकूंच्या डोळ्यांवर भलतीच भिंगं होती, हे ताईचं नशीब. पेटीत भिंगं ठेवताना ती एकमेकांवर वाजली. फुलांच्या वेळेला म्हणजे नेमके ते दिवस, सह्यांचे. तिने आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. दरड, रजा, ताप. प्रत्येक वेळी तिनेच उलट त्यांना धीर दिला होता, 'असू दे गं, पुढच्या वेळी जाऊ.' आणि दारात मान खाली घालून उभा राहिलेला तो मेहुणा. आत कोणीच झोपलेलं नव्हतं तर. सूप गेलं त्या घरात धाकटी नव्हतीच.

"थंडीतही येतायत ना त्या," काकू म्हणाल्या. "खोली धरून ठेवलीय. तुमचं काय?"

ताईने तारीख विचारून घेतली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माझी खाट ठेवा, काकू. पण त्यांना सांगू नका हं. जरा गंमत करायची आहे."

काकू खूश झाल्या. ताईने त्यांचा नंबर अचूक काढला, फ्रेम निवडून दिली, दारापर्यंत पोचवायला गेली. मग मालकाला डोकं दुखतंय सांगून ती घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसती बसून राहिली. रडू आलं नाही. नवरा गेला तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली होती, पण ते सरळ दुःख होतं. हे कुठून धरावं तेच कळत नव्हतं.

रविवारी धाकटी आली. तीच खुर्ची, तोच कप. ताईने तिला पुरती संधी दिली. एकदा नाही, दोनदा. आधी म्हणाली, "थंडी पडायला लागली. वर जायचं ना?"

धाकटी बिस्कीट चहात बुडवत होती. "यंदा राहू दे ना, ताई. सिस्टरची बदली व्हायचं चाललंय. तिचं मन नाही."

"मग आपण दोघीच जाऊ."

बिस्कीट कपात गळून पडलं. धाकटी चमच्याने ते काढत बसली. "बघू," म्हणाली. "ह्यांच्या ऑफिसचंही काही ठरत नाहीये."

बोलताना ती डोळ्याला डोळा देत होती. ताईला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. लहानपणी ही पोर खोटं बोलली की हिचे कान लाल व्हायचे. आता कान जसेच्या तसे होते.

ठरल्या दिवशी ताईने पहिली बस धरली आणि त्यांच्या आधी वर पोचली. काकूंनी व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. ऊन कोवळं होतं, हवा नाकाला झोंबत होती. जीप फाटकाशी थांबायच्या आधीच त्यांचं हसणं ऐकू आलं. वाचनालयवाली कुणाची तरी नक्कल करत होती आणि धाकटी पोट धरून, अक्षरशः खिदळत होती. अशी खिदळताना ताईने तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

धाकटीनेच तिला आधी पाहिलं. हातातली पिशवी तिने जमिनीवर ठेवली.

"ताई? तू?"

"हो. गुडघा बरा झाला म्हटलं, यावं."

काकू मागून हौसेने "कशी गंमत!" म्हणाल्या आणि चौघींची तोंडं बघून आत निघून गेल्या. जीपवाल्याने सामान उतरवलं आणि तो गेला.

शेवटी सिस्टर पायरीवर बसली. वाईट बातमी सांगायची तिला सवय होती, आणि तिने ती तशीच सांगितली, आवाज न चढवता. "आम्ही चुकलो. पण कारण ऐक. मी दिवसभर आजारी माणसांत असते. वर येते ती चार दिवस काही न बघायला. उन्हाळ्यात तुझ्यासमोर हसायचीही चोरी झाली होती. दरवेळी वाटायचं, हसलो तर तुला टोचेल. मी दमले होते गं."

"मग तसं म्हणायचं होतं," ताई म्हणाली. "तोंडावर. मी काय तुला मारलं असतं?"

"सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस," धाकटी एकदम बोलली. "ऐकून घेतलं असतंस, आणि 'जा तुम्ही, मी राहते' म्हणाली असतीस. आणि मग घरात एकटी बसलेली तू सगळ्या घाटभर आमच्याबरोबर आली असतीस. तुला माहीत आहे ना तुझं गप्प बसणं कसं असतं?"

"म्हणून माझा गुडघा कापलास?"

धाकटी रडायला लागली. ताई थांबली नाही. इतके दिवस स्टुलावर बसून तिने एकच गोष्ट घोळवली होती.

"मी त्या दिवशी एकटी त्यांच्या कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर कोणीतरी जाकीट टाकलं होतं. तिथून येऊन तुझ्यासाठी सूप केलं. मीठ कमी घातलं. तू वर फुलं बघत होतीस. आणि परत येऊन मला म्हणालीस, अंगात जीव आला. काय झालं त्या सुपाचं?"

धाकटीने नाक पुसलं. "ह्यांनी पिऊन टाकलं. वर म्हणाले, मीठ कमी आहे."

वाचनालयवालीच्या तोंडून काहीतरी फुटलं आणि तिने हात तोंडावर दाबला. एक क्षणभर ताईच्याही ओठांच्या कडा हलल्या. एरवी चौघी हसून गडबडा लोळल्या असत्या. पण ताई उठली, शाल घेतली आणि फाटकाबाहेर चालायला लागली.

ती पठाराच्या कडेपर्यंत गेली. गवत पिवळं पडलं होतं, सावलीतलं दंव अजून वितळलं नव्हतं. खाली शहर कुठेतरी धुरकटात होतं. तिथे दगडावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून तिला नवऱ्याची एकदाही आठवण झाली नव्हती. बसमध्ये नाही, घाटात नाही. तो गेल्यापासून असा एकही दिवस गेला नव्हता. त्याच्या आठवणीची जागा या फसवणुकीने घेतली होती, आणि ती जागा द्यायला ताई तयार नव्हती. तिथे मात्र तिला रडू आलं. कोणासाठी ते तिला धड सांगता आलं नसतं.

परत आली तेव्हा तिघींनी तिची खाट खिडकीपाशी सरकवून ठेवली होती. जेवायला चौघी एका टेबलावर बसल्या. "भाजी वाढ", "पाणी दे", एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पिशवी भरली. धाकटी बसस्टँडपर्यंत मागे मागे आली. पिशवीला हात घालू लागली तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे. मला जमतं." बस हलेपर्यंत धाकटी खिडकीखाली उभी होती. ताई समोर बघत राहिली.

पुढे सिस्टर एकदा दुकानात आली. काउंटरपलीकडून सरळ म्हणाली, "मला माफ कर," आणि ताईने केलं. सिस्टरने दुःख दिलं होतं, पण ती विचारल्यावर फिरवाफिरव न करता बोलली होती. वाचनालयवाली नवीन पुस्तकं घेऊन येत राहिली, बडबडत राहिली, आणि हळूहळू तिचंही जुळलं.

धाकटीचं तसं झालं नाही. रविवारचा चहा बंद पडला. भांडण कोणी केलं नाही. नातेवाइकांच्या लग्नाकार्यात दोघी शेजारी उभ्या राहायच्या, फोटोत हसायच्या. पण धाकटी काहीही सांगायला लागली, अगदी भाजी महागल्याचं, तरी ताईच्या मनात आधी यायचं, खरं असेल का हे? जिला बोलायला शिकवलं तिच्याबद्दल असं वाटावं, याचा तिला स्वतःचाच राग यायचा, पण वाटणं काही थांबायचं नाही.

दोन वर्षांनी धाकटीचं पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हा दवाखान्यात ताईच राहिली. तिला भरवलं, केस विंचरले, डॉक्टरांशी बोलली. घरी सोडलं त्या दिवशी धाकटी पलंगावर टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. म्हणाली, "ताई, उन्हाळ्यात आपण दोघीच जाऊ या का वर?"

ताई औषधांच्या पट्ट्या लावून ठेवत होती. "आधी बरी हो," म्हणाली.

धाकटी बरी झाली. उन्हाळा लागला. एका संध्याकाळी दुकान बंद करून ताई चार गल्ल्या चालत तिच्या घरी गेली. आत जाऊन बसली नाही, दारातूनच बोलली.

"मी शनिवारी वर चाललेय. एकटीच. तुला नेत नाहीये. दुसरीकडून कळू नये म्हणून सांगायला आले."

धाकटीचे कान लाल झाले. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, हात पदराला पुसत.

"बरं," म्हणाली. "सावकाश जा."

ताईने मान हलवली आणि जिना उतरली.